पाण्यांतील सोमल

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं हाताळल्या असतील त्यांस ठाऊक असेल कीं, लिहितांना चुकलेलें अक्षर बुजविण्यासाठीं लेखक त्यावर एक पिवळा रंग फांसीत असत. त्या रंगाचें नांव हरताळ. चुकीचें अक्षर त्याखालीं नाहींसें होई आणि वाळलेल्या पिवळ्या ठिपक्यावर बरोबर अक्षर लिहितां येई. केलेलें काम कोणी निष्फळ केलें म्हणजे आपण 'हरताळ फांसला' असें आजहि म्हणतों, तें यावरूनच. बाजार बंद ठेवण्याला जो हरताळ म्हणतात तो शब्द वेगळा. हाटाला म्हणजे बाजाराला ताळा लावण्यावरून तो आला. दोहोंची गल्लत पुष्कळ करतात, म्हणून जातां जातां सांगितलें. पोथीवरचा हरताळ हें गंधकाशीं संयोग पावलेल्या सोमलाचें खनिज आहे. मनशीळ हा त्याचाच तांबडा भाऊ. या दोहोंच्या पोटांतलें जें मूलद्रव्य, त्यास इंग्रजींत आर्सेनिक म्हणतात. काटेकोर बोलावयाचें तर सोमल हें त्याच्या पांढऱ्या भस्माचें नांव. परंतु आजच्या भाषणापुरता मी तो शब्द मूलद्रव्यालाहि वापरणार आहें.

सोमल म्हटला कीं डोळ्यांपुढें येते ती कादंबरींतली किंवा कोर्टांतली पुडी. पांढरी, बेचव, दुधांत सहज मिसळणारी. त्या सोमलाविषयीं मला आज कांहीं सांगावयाचें नाहीं. माझा विषय आहे तो दुसरा सोमल. तो एका घोटांत मारीत नाहीं. दिसणारहि नाहीं इतक्या अल्प प्रमाणांत तो रोज पोटांत जातो, दहा-वीस वर्षें माणसाच्या शरीरांत बिनबोभाट नांदतो, आणि मग त्याच्या तळहातांवर आपली सही करतो. ही सही वैद्यकाला कशी ओळखूं आली, आणि ओळखूं आल्यावरहि जेथें तिची खरी गरज होती तेथें ती पोंचावयाला शंभर वर्षें कां लागलीं, तो इतिहास आज सांगावयाचा आहे. या सहीच्या शेजारींच दुसरी एक खूण होती. ती वाचावयाला तर त्याहूनहि अधिक काळ लागला.

इ. स. १७८६ सालीं इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवच्या रुग्णालयाचे डॉक्टर टॉमस फाउलर यांनीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. हिंवतापावर त्या काळीं एका गुप्त औषधाचे थेंब बाजारांत फार खपत. त्यांचें पृथक्करण करून पाहिलें, तों त्यांत सोमल निघाला. फाउलर यांनीं मग सोमल आणि पोटॅशचा क्षार यांचें स्वतःचें द्रावण सिद्ध केलें आणि कोणत्या रोग्यास तें किती थेंब दिलें व त्याचा काय गुण आला, हें नीट टिपून ठेवलें. या द्रावणाला लव्हेंडरच्या अर्कानें रंग व वास आणीत. हेतु हा कीं, कोणी तें साधें पाणी समजून चुकून पिऊं नये. ही बारीकशी खबरदारी आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. फाउलरचें द्रावण त्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांच्या औषधपेटींत राहिलें. हिंवताप, दमा, कंपवात, आणि विशेषेंकरून कातडीचे चिवट रोग यांवर त्याचा मोठा बोलबाला होता. आपल्याकडील रसवैद्यांच्या ग्रंथांतहि हरताळ, मनशीळ व सोमल यांचे शोधन-मारण करून तीं कुष्ठावर आणि त्वचारोगांवर सांगितलेलीं आहेत. तेव्हां याबाबतींत इंग्रज डॉक्टरांना हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

पण ज्या रोग्यांनीं वर्षानुवर्षें हें द्रावण घेतलें त्यांच्या अंगावर कांहीं वेगळेंच दिसूं लागलें. लंडन येथील प्रसिद्ध शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं १८८७ सालीं तेथील विकृतिशास्त्राच्या मंडळापुढें असे कांहीं रोगी मांडले. त्यांच्या तळहातांवर व तळपायांवर घट्ट, खरबरीत, कुरुपासारख्या गांठी उठल्या होत्या, आणि त्यांपैकीं कांहींचें रूपांतर कर्करोगांत झालें होतें. हचिन्सन यांनीं स्वच्छ सांगितलें कीं, हा दोष मूळच्या कातडीच्या रोगाचा नव्हे. त्या रोगावर दिलेल्या सोमलाचा आहे. एखाद्या रसायनामुळें कर्करोग होतो असें म्हणण्याचें धाडस त्या काळीं फार थोड्यांनीं केलें होतें. याच हचिन्सन साहेबांनीं आयुष्यांतलीं पुष्कळ वर्षें दुसऱ्या एका मताच्या मागें खर्ची घातलीं. नासकी मासळी खाल्ल्यानें महारोग होतो, असें तें मत होतें. त्याच्या पुराव्यासाठीं ते विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतहि येऊन गेले. मत सपशेल चुकीचें ठरलें. एकाच माणसाच्या हातून इतकें अचूक आणि इतकें चुकीचें निदान व्हावें, याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे.

सोमलाची सही कातडीवरच कां उमटावी, याचें कारण आतां चांगलें कळलेलें आहे. केंस, नखें आणि कातडीचा वरचा थर हीं केरॅटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, आणि त्या द्रव्यांत गंधक भरपूर असतो. गंधक आणि सोमल यांची सोयरीक जमिनीच्या पोटांत आहे, तशीच ती शरीरांतहि आहे. म्हणून मूत्रावाटें बाहेर न पडलेला सोमल कातडींत, केंसांत आणि नखांत जाऊन बसतो. प्रथम छाती, पाठ, दंड अशा कपड्याखालच्या भागांवर बारीक काळसर ठिपके पडतात, आणि त्यांच्या मध्यें मध्यें पांढरट ठिपके असतात. धुळीच्या वाटेवर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावे तसें हें दिसतें, आणि डॉक्टरांच्या पुस्तकांत या चिन्हाचें नांवहि पावसाच्या थेंबांवरूनच पडलेलें आहे. मग तळहात व तळपाय जाड होतात आणि त्यांवर तांदळाच्या कण्यांसारखे टणक उंचवटे येतात. ते वाढले म्हणजे पायाला भेगा पडतात, चालवत नाहीं, हातांत विळा धरवत नाहीं. यांतल्या कांहीं गांठी पुढें कर्करोगाचें रूप घेतात. उन्हानें होणारा कातडीचा कर्करोग उघड्या भागावर होतो. सोमलाचा झांकलेल्या भागावरहि होतो. आणि हें सर्व व्हावयाला साधारणपणें पांच-दहा वर्षें, कर्करोग व्हावयाला त्याहूनहि पुष्कळ अधिक वर्षें लागतात. दिरंगाई हा या विषाचा खरा दुष्टपणा आहे.

आतां १९०० सालच्या मँचेस्टरला चला. त्या वर्षीं इंग्लंडच्या उत्तरेकडील या गिरण्यांच्या शहरांत आणि त्याच्या आसपासच्या परगण्यांत गरीब लोकांमध्यें एक विचित्र आजार पसरला. पाय बधिर होत, तोल जाई, हातापायांची आग होई. रोगी बहुतेक बीअर पिणारे. दारूनें मज्जातंतू बिघडतात हें डॉक्टरांस ठाऊक होतेंच. तेव्हां 'दारूबाजांचा रोग' असें म्हणून प्रकरण मिटलें होतें. गरीब माणूस आजारी पडला आणि तो पिणाराहि असला म्हणजे निदानाला वेळ लागत नाहीं! परंतु तेथील गरीबखान्याच्या रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांचें समाधान होईना. दारू जर कारण, तर कडक दारू पिणाऱ्यांना हा आजार कां होत नाहीं? बीअरवाल्यांनाच कां? त्यांनीं रोग्यांची कातडी पाहिली. ती काळवंडली होती आणि तळहात-तळपाय जाड झाले होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेंत भरली. त्या वर्षीं नागिणीचे रोगी एकाएकीं फार वाढले होते. नागीण म्हणजे कमरेभोंवतीं किंवा छातीभोंवतीं पट्ट्यानें उठणारे ते जळजळणारे फोड. सोमलाचें औषध घेणाऱ्या रोग्यांना नागीण उठते, हें निरीक्षण पूर्वीं हचिन्सन यांनींच नोंदवून ठेवलेलें होतें. रेनॉल्ड्स यांनीं दोन आणि दोन चार केले आणि बीअर तपासली. तींत सोमल निघाला.

तो आला कोठून? बीअर स्वस्त पडावी म्हणून तींत साखर घालीत. ती साखर तयार करण्यास गंधकाचें तेजाब लागे. तें तेजाब ज्या खनिजापासून काढीत त्यांत सोमल होता, आणि तो काढून टाकण्याची खबरदारी घेतली गेली नव्हती. ६००० हून अधिक माणसें आजारी पडलीं, निदान ७० दगावलीं. सरकारनें लॉर्ड केल्व्हिन या थोर पदार्थविज्ञान-वेत्त्याच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ नेमलें. त्यानें १९०३ सालीं असें ठरवून दिलें कीं, कोणत्याहि पेयाच्या एका गॅलनमध्यें ग्रेनच्या शंभराव्या भागाहून अधिक सोमल असूं नये. आजच्या मापानें हे लिटरमागें सुमारें १४० मायक्रोग्रॅम होतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यासाठीं ही मर्यादा १९५८ सालीं २००, १९६३ सालीं ५० आणि १९९३ सालीं १० मायक्रोग्रॅम अशी उतरवीत आणली. जसजसें ज्ञान वाढलें तसतसा निरुपद्रवी सोमल कमी कमी होत गेला.

मँचेस्टरच्या रोग्यांच्या अंगावर, श्रोतेहो, दोन्ही खुणा एकाच वेळीं हजर होत्या: तळहात आणि नागीण. तळहाताची खूण लोकांनीं वाचली. नागिणीची कोणास वाचतां आली नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देतां येत नाहीं. कांजिण्यांचे विषाणु कांजिण्या बऱ्या झाल्यावरहि मज्जातंतूंच्या मुळाशीं निद्रिस्त पडून राहतात, शरीराची रोगप्रतिकारशक्ति त्यांना तेथें दाबून धरते, आणि ती शक्ति ढिली पडली म्हणजे ते नागिणीच्या रूपानें उठतात, हें त्या काळीं कळलेलेंच नव्हतें. फाउलरचें द्रावण दिलें असतां रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, हेंहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील डॉक्टरांनीं पाहिलें होतें. रक्ताच्या कर्करोगावर तें देत तें यासाठींच. पण त्याच पांढऱ्या पेशी शरीराचे पहारेकरी आहेत, तेव्हां निरोगी माणसांत त्या दुबळ्या झाल्या तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

यापुढचा सोमल बाटलींतून किंवा पिंपांतून आला नाहीं. तो जमिनींतून आला. अर्जेंटिना देशांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतच विहिरीच्या पाण्यानें असे त्वचारोग झाल्याचें तेथील डॉक्टरांनीं लिहून ठेवलें होतें. तैवान बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर १९१० नंतर खोल नळविहिरी खणल्या गेल्या, आणि कांहीं वर्षांनीं तेथील लोकांचे पाय काळे पडून कुजूं लागले. लोक त्याला 'काळा पाय' म्हणत. १९६८ सालीं तेथील एका पाहणीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तींत ३७ खेड्यांतील ४०,४२१ माणसें तपासलीं होतीं. शेंकडा १८ जणांच्या कातडीवर डाग होते, शेंकडा ७ जणांचे तळहात-तळपाय खरबरीत झाले होते, आणि दर शंभरांत एकाला कातडीचा कर्करोग होता. जितकें पाण्यांत सोमलाचें प्रमाण अधिक, तितके रोगी अधिक. म्हणजे १९६८ सालीं या बाबतींत कोणतीहि शंका उरली नव्हती.

आणि नेमक्या त्यानंतरच्याच दहा-वीस वर्षांत गंगेच्या मुखाशीं लाखों नळविहिरी खणल्या गेल्या.

बंगालचें खेडें म्हणजे तळ्यांचें खेडें. प्रत्येक घराच्या परसांत पुष्करिणी, तींतच आंघोळ, तींतच भांडीं, आणि तेंच पाणी पिण्यास. पटकी आणि अतिसार यांचें तें माहेरघरच होतें, आणि मरत तीं मुख्यत्वेंकरून लहान मुलें. म्हणून पूर्व बंगालांत, म्हणजे १९७१ नंतरच्या बांगलादेशांत, सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ ही बालकांसाठीं काम करणारी संस्था यांनीं घरोघर नळविहिरींचा प्रसार आरंभिला. दीडदोन इंच व्यासाची नळी जमिनींत शें-सव्वाशें फूट घालावयाची, वर हापसा बसवावयाचा, कीं स्वच्छ गार पाणी! खर्च इतका थोडा कीं, लोक पुढें आपल्याच पैशांनीं त्या बसवूं लागले. परसांतला हापसा मुलीच्या लग्नांत मिरविण्याजोगी वस्तु झाली. पश्चिम बंगालांतहि तेंच झालें. हेतूविषयीं कोणासहि बोट दाखवितां येणार नाहीं. पाणी रोगजंतूंसाठीं तपासलें जाई आणि तें निर्मळ निघे. सोमलासाठीं तपासण्याची रीत तेव्हां नव्हती. फाउलरनें आपल्या द्रावणाला लव्हेंडरचा वास घातला होता. या पाण्याला कसलाच वास नव्हता, रंग नव्हता, चव गोड होती.

सोमल तेथें कोणी टाकलेला नव्हता. हिमालय झिजून जो गाळ गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनीं हजारों वर्षें आणून पसरला, त्याच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि त्या लेपाला सोमल चिकटलेला असतो. गाळाखालीं पुरलेला पालापाचोळा कुजतो, जीवाणू तेथला प्राणवायु संपवितात, मग गंज विरघळतो आणि त्याला धरून बसलेला सोमल सुटून पाण्यांत येतो. जमिनीवरच्या तळ्यांत प्राणवायु भरपूर, म्हणून तेथें सोमल नाहीं. फार खोल, साधारण १५० मीटरांच्या खालीं, गाळ जुना, म्हणून तेथेंहि तो बहुधा नाहीं. या दोहोंच्या मधल्या थरांत तो आहे, आणि स्वस्त नळविहीर पोंचते ती नेमकी त्याच थरापर्यंत.

१९८३ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंध रोगविज्ञान संस्थेंतील त्वचारोगांचे प्राध्यापक क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे चोवीस परगण्यांतील खेडुत येऊं लागले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात कणीदार. गांवांत अशा माणसांना लोक महारोगी समजत. त्यांच्या हातचें पाणी कोणी पीत नसे, मुलगी असली तर लग्न मोडे, सून असली तर माहेरीं धाडली जाई. साहा यांनीं ती सही वाचली. हा महारोग नव्हे, कोणापासून कोणास लागणारा रोग नव्हे, हें सोमलाचें विष आहे आणि तें हापशाच्या पाण्यांतून आलें आहे, असें त्यांनीं सिद्ध केलें. हचिन्सन यांनीं आपले रोगी मांडले त्याला तेव्हां ९६ वर्षें झालीं होतीं. पुढें १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती खेडोपाडीं हिंडून पाण्याचे, केंसांचे आणि नखांचे नमुने तपासूं लागले. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें त्यांची ही वणवण बराच काळ म्हणजे एका माणसाचें वेड होती. १९९५ सालीं त्यांनीं कलकत्त्यास देशोदेशींचे शास्त्रज्ञ बोलावून रोगीच त्यांच्यापुढें उभे केले, तेव्हां जग जागें झालें.

सीमेपलीकडे बांगलादेशांत चांपाई नबाबगंज भागांतील विहिरींत १९९३ सालीं सोमल सांपडला. त्याच्या आदल्याच वर्षीं इंग्लंडच्या एका सरकारी भूगर्भसंस्थेनें त्या देशांतील शंभराहून अधिक विहिरींच्या पाण्याची तपासणी करून अहवाल दिला होता. त्यांत कितीतरी द्रव्यांचें मापन होतें, सोमलाचें नव्हतें. हें प्रकरण पुढें इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनापुढें गेलें, आणि २००६ सालीं निर्णय असा झाला कीं, संस्थेचा त्या लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर कांहीं ताबा नव्हता, म्हणून तिच्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबरहि असेल. १९९८-९९ सालीं त्याच संस्थेनें आणि बांगलादेश सरकारच्या पाणीखात्यानें मिळून ३,५३४ विहिरी तपासल्या, तेव्हां उथळ विहिरींपैकीं शेंकडा २७ मध्यें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक सोमल आढळला. माणसांचा हिशेब केला तो साडेतीन कोटींवर गेला. १० ची मर्यादा धरली तर सुमारें पावणेसहा कोटींवर. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत तज्ज्ञांनीं लिहिलें कीं, एखाद्या लोकसमूहाला विषबाधा होण्याचा इतिहासांतील हा सर्वांत मोठा प्रसंग आहे.

आतां ती दुसरी खूण. बांगलादेशांतील मतलब येथें अतिसारावर संशोधन करणाऱ्या संस्थेचें क्षेत्र १९६३ पासून आहे. पटकीच्या लशीचे प्रयोग जेथें झाले तेंच हें ठिकाण. तेथें गरोदर स्त्रियांच्या मूत्रांतील सोमल मोजण्यांत आला आणि त्यांच्या पोटीं आलेल्या मुलांवर वर्षभर लक्ष ठेवण्यांत आलें. ज्या मातांच्या अंगीं सोमल सर्वांत अधिक होता त्यांच्या मुलांना छातीचे विकार, सर्वांत कमी सोमल असलेल्या मातांच्या मुलांपेक्षां दीडपटीहून अधिक वेळां झाले. अतिसारहि अधिक झाला. हा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीं तेथेंच असें दिसून आलें होतें कीं, अशा मुलांची थायमस ग्रंथि लहान राहते. छातीच्या हाडामागची ही ग्रंथि म्हणजे पांढऱ्या पेशींची प्राथमिक शाळाच. आपले कोण आणि परके कोण, हें त्या पेशी येथें शिकतात. शाळा लहान, तर शिकून बाहेर पडणारे पहारेकरीहि थोडे. मूल जन्माला येण्यापूर्वींच, आईनें प्यालेल्या पाण्यानें, त्याची ढाल पातळ झालेली होती. अतिसारापासून ज्या तान्ह्या मुलांना वांचवावें म्हणून तो हापसा बसविला, त्याच मुलांची गोष्ट ही आहे. हापशांनीं मुळींच हित केलें नाहीं, असें मी म्हणत नाहीं. तळ्याचें पाणी सुटल्यानें पुष्कळ मुलें वांचलीं असतील. पण एका हातानें दिलेलें दान दुसऱ्या हातानें कांहीं अंशीं परत घेतलें जात होतें, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या अँटोफगॅस्टा शहराची कथा याला बळकटी देते. १९५८ सालीं त्या शहराला अँडीज पर्वतांतील नदीचें पाणी आणलें, त्यांत लिटरमागें ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक सोमल होता. १९७० सालीं तो काढून टाकणारें यंत्रालय उभें राहिलें. सारें शहर बारा वर्षें तेंच पाणी प्यालें, त्यापूर्वीं आणि त्यानंतर नाहीं; त्यामुळें शास्त्रज्ञांना जणुं एक मोठा प्रयोगच आयता मिळाला. मृत्यूंच्या नोंदी तपासतां असें दिसलें कीं, सोमल सुरू झाल्यावर कांहीं वर्षांनीं क्षयानें मरणाऱ्यांचें प्रमाण वाढलें, आणि पाणी शुद्ध झाल्यानंतरहि कित्येक वर्षें तें वाढलेलेंच राहिलें. जीं मुलें त्या काळांत गर्भांत किंवा पाळण्यांत होतीं, तीं प्रौढपणीं फुप्फुसांच्या जुनाट विकारानें अधिक मेलीं.

आणि कातडीवरची खूण व अंतरींची ही खूण मुळांत निराळ्या नाहींत. कातडीच्या वरच्या थरांत फांद्या फुटलेल्या कांहीं पेशी पसरलेल्या असतात. बर्लिनच्या पाउल लँगरहॅन्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें १८६८ सालीं त्या प्रथम पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूंचा भाग वाटल्या. वस्तुतः त्या वेशीवरचे जागल्ये आहेत. परकें कांहीं शिरलें, किंवा कातडीची एखादी पेशी बिघडून बेफाम वाढूं लागली, कीं तिची वर्दी आंत नेणें हें त्यांचें काम. तैवानांतील रोग्यांच्या सोमलानें बिघडलेल्या कातडींत या पेशींची संख्या घटलेली आणि त्यांच्या फांद्या आंखूड झालेल्या आढळल्या. सोमल एकीकडे कातडीच्या पेशी बिघडवितो आणि दुसरीकडे बिघाडाची वर्दी देणाऱ्यालाच गप्प करतो. तळहाताच्या गांठीचा कर्करोग कां होतो, याचें एक कारण येथें असावें.

हें सर्व दूरचें, बंगालचें, असें कोणी समजूं नये. आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वसीमेला लागून छत्तीसगडांतील अंबागड चौकीचा जंगलमुलूख आहे. तेथील कौडीकसा गांवाच्या पाण्यांत सोमल असल्याचें आणि लोकांच्या तळहातांवर तीच सही उमटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तें शोधणारांत दीपंकर चक्रवर्तीच होते. तेथें गाळ नाहीं. सोमल आहे तो तेथल्या पुरातन खडकांत. सुदैवानें आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत गंगेच्या गाळासारखी स्थिति नाहीं.

औषध विचाराल, तर सोमल काढून घेणारें खात्रीचें औषध आजहि नाहीं. तळहाताच्या गांठी मऊ करण्यास मलम देतात, कर्करोगाची गांठ वेळींच कापतात, चांगलें अन्न खावयास सांगतात; पण पहिला आणि मुख्य उपाय एकच, पाणी बदलणें. तें वेळींच बदललें तर सौम्य डाग पुष्कळदां फिके होतात. पाणी उकळल्यानें मात्र सोमल जात नाहीं. उलट वाफ उडून जाते, सोमल मागें राहतो, आणि उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण वाढतें. जंतूंच्या भीतीनें उकळण्याची आपणां शहरवासीयांची सवय येथें कामास येत नाहीं.

बांगलादेशांत २००० सालानंतरच्या कांहीं वर्षांत सुमारें ५० लाख हापसे तपासले गेले. ज्यांत सोमल मर्यादेपेक्षां अधिक त्यांचें तोंड तांबड्या रंगानें रंगविलें, बाकीच्यांचें हिरव्या रंगानें. लिहितां-वाचतां न येणाऱ्या बाईलाहि तें कळे. पुष्कळ बायका आपल्या परसांतला तांबडा हापसा सोडून शेजाऱ्याच्या हिरव्या हापशावर घागर घेऊन जाऊं लागल्या. शेजारी कधीं भरूं देत, कधीं कुरकुरत. पुढें कांहीं वर्षांत पावसानें आणि हातांच्या घर्षणानें तो रंग उडाला, आणि त्यानंतर नव्यानें बसविलेल्या लाखों हापशांपैकीं पुष्कळांचें पाणी कोणी तपासलेलेंच नव्हतें.